शिसपेन्सिलीची नोंद

कोंडीराम गुरुजींच्या सत्तावीस वह्या बनाबाईनं अंगणात उन्हाला टाकल्या होत्या, आणि नेमकी तेव्हाच नानासाहेबांची जीप दारात येऊन उभी राहिली.

दरसाल पाडवा उलटला की बनाबाईचं हे काम ठरलेलं. पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर आणायची, एकेक वही झटकून बाजेवर मांडायची, वाऱ्यानं पानं फडफडू नयेत म्हणून वर खडा ठेवायचा, आणि दिवस कलला की ताजा कडुलिंबाचा पाला घालून सगळं पुन्हा आत. गुरुजी जाऊन दोन वर्षं झाली होती, पण वाळवीची काय बिशाद एका पानाला तोंड लावायची! शेजारणी हसायच्या. "बना नवऱ्याला ऊन दावाय लागली गं," म्हणायच्या. बनाबाई कुणाला भीक घालत नव्हती.

आता या वह्या म्हणजे काय, ते आधी ऐका. गुरुजी भानसवाडीच्या शाळेत मास्तर, घर बौद्धवाड्यात अगदी शेवटचं. ते लहान असताना दोन-तीन वर्षांनी एकदा बैलावर बसून हेळवी गावात यायचा आणि पाटलाच्या दारात घराण्याच्या पिढ्या खड्या आवाजात म्हणून दाखवायचा. अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा. पोरगा कोंडीराम लांब उकिरड्यापाशी उभा राहून ऐकायचा. एकदा धीर करून त्यानं विचारलं, "आमच्या बी पिढ्या म्हणा की." सगळे असे हसले, की हेळव्याचा बैलसुद्धा बुजला. "तुमच्या कसल्या रं पिढ्या?" ते हसू पोराच्या काळजात जाऊन बसलं. मास्तरकी लागली त्याच महिन्यात त्यानं पहिली वही आणली. आधी बौद्धवाड्यातल्या घरांच्या पिढ्या लिहिल्या, मग गावातल्या, मग पार तेर-येरमाळ्यापर्यंतच्या सोयऱ्यांच्या. आणि त्यात बायकांची नावं सगळ्यात आधी. "गड्यांची नावं हेळव्याच्या चोपडीत हायेत," गुरुजी म्हणायचे, "बायकांची कुठंच न्हाईत. पोरं काय आभाळातनं पडली का?" पिढ्यांच्या जोडीला रोजचा दिवसही लिहायचे. कोण वारलं, कोणत्या विहिरीला पाणी राहिलं, ग्रामसभेत कोण काय थापा मारून गेलं, सगळं.

लिहायची रीत मात्र कडक होती. कुणी काही सांगितलं की आधी शिसपेन्सिलीनं लिहायचं. मग सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं. तो "बरोबर हाय" म्हणाला आणि त्यानं खाली अंगठा उठवला, की त्यावर शाईनं गिरवायचं. अंगठा नाही तोवर नोंद कच्ची. पण कच्ची असली तरी ज्यानं सांगितली त्याच्या तोंडच्या शब्दाशिवाय खोडायची नाही. कलेक्टर आला तरी नाही. बनाबाईला लिहा-वाचायला गुरुजींनी याच वह्यांवर शिकवलं. त्यामुळं झालं असं, की छापील पुस्तक समोर आलं की ती अडखळायची, पण गुरुजींचं अक्षर असलं की घडाघडा वाचायची. आणि कधी खडूनं काही लिहिलंच तर तेही हुबेहूब गुरुजींच्या वळणाचं.

तर जीपमधून नानासाहेब उतरले. आबाराव पाटलांचा एकुलता एक मुलगा, वय बत्तीस, अंगात कडक इस्त्रीचे कपडे. गावच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. चौथीपर्यंत गुरुजींच्या हाताखाली शिकलेले. संस्थेला दहा वर्षं झाली म्हणून नवी इमारत बांधली होती. गावच्या पाझर तलावाला वारलेल्या आबारावांचं नाव द्यायचं घाटत होतं, आणि या सगळ्याची एक स्मरणिका निघणार होती. स्मरणिकेत गावचा इतिहास हवा, म्हणून संस्थेचा सेक्रेटरी मागच्या आठवड्यात येऊन गुरुजींच्या वह्या चाळून गेला होता. बनाबाईनं त्याला आल्याचा चहा पाजला होता. तो वाया गेला, हे तिला आता कळलं.

"काकू, बरं हाय ना?"

"बरं हाय. बसा की. च्या ठेवते."

"नगं नगं, आत्ताच झाला."

पाटलांच्या घरचं कुणी या अंगणात आलं की त्यांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असायचा. बनाबाईनं पुन्हा विचारलं नाही. नानासाहेबांनी बाजेवरची एकोणिसावी वही उचलली. सेक्रेटरीनं खुणेला काडेपेटीतली काडी घालून ठेवली होती, तिथं बरोबर उघडली.

"हे काय लिवलंय?"

बनाबाईला पान बघायची गरज नव्हती. ते पान तिला पाठ होतं.

'ता. ९ मे १९७३. तलावाचं काम. धोंडीबाची चांगुणा बाळंतपणाला येरमाळ्याला गेली, तरी तिच्या नावाची हजेरी चालू आहे. तिच्या नावावर सारजाबाई आबाराव पाटील खडी फोडतात. तोंडावर पदर असतो. आजपर्यंत अकरा दिवस. सरकारी कागदावर मी माझ्या हातानं खोटं लिहितो, म्हणून इथं खरं लिहून ठेवतो. दुपारी त्यांच्याजवळ भाकर नव्हती. बनानं आपल्यातली अर्धी दिली. दोघींनी एका फडक्यावर खाल्ली. सारजाबाई, आई लक्ष्मीबाई, आजी दगडाबाई, माहेर सास्तूर. वाचून दाखवलं. बरोबर आहे म्हणाल्या. अंगठा नाही.'

"माझी आई खडी फोडाय जायची?" नानासाहेबांचा आवाज चढला. "तिनं उभ्या जिंदगीत उंबऱ्याभाईर कळशी नेली न्हाय! काकू, हे खोटं हाय. गुरुजींचा आमच्या वडलांवर कायतरी राग आसंल."

"गुरुजींनी एकदाच खोटं लिवलं," बनाबाई म्हणाली, "ते सरकारच्या हजेरीच्या मस्टरवर. आन् ते बी तुमच्याच घरासाठी."

नानासाहेबांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खिशात हात घातला आणि एक नवा कोरा खोडरबर काढून वहीवर ठेवला. अहो, चेअरमन माणूस, पण खिशातून खोडरबर घेऊन आला होता!

"शिसपेन्सिलीनंच लिवलंय. दोन मिन्टाचं काम. तुमच्या हातानंच खोडा, म्या हात लावत न्हाय. मग या समद्या वह्या संस्थेत काचेच्या कपाटात ठिवू. गुरुजींचा मोठा फोटो लावू. स्मरणिकेत पैल्या पानावर नाव. काय म्हणता?"

काचेचं कपाट म्हटल्यावर बनाबाईला मोह पडला. का पडू नये? ज्या माणसानं उकिरड्यापाशी उभं राहून पिढ्या ऐकल्या, त्याचा फोटो भर गावात लागणार होता. एक घटका तिला तो हारासकट दिसला. मग तिनं खोडरबराकडं बघितलं आणि तिचं डोकं सणकलं.

"ज्यांनी सांगितलं त्यांनी खोड म्हटल्याबिगर खोडत न्हाईत. तुमच्या आईला इचारलंत का?"

"आईला असलं इचारू?"

"का? जीभ झडंल?"

काकूची बनाबाई व्हायला वेळ लागला नाही. "बनाबाई," नानासाहेब म्हणाले, "तुमचा बलभीम संस्थेत दुधाचं माप घेतो. शुक्रवारी दुपारी आमच्या ओसरीवर बैठक हाय. तवर पान कोरं करून वही पाठवा. न्हाय तर बलभीमला घरी बसाय सांगावं लागंल. मग मला बोल लावू नका."

जीप धुरळा उडवत गेली. खोडरबर वहीवर तसाच राहिला.

दुपारी बलभीम जेवायला आला तर त्याचं तोंड एवढंसं झालेलं. निरोप त्याच्या कानावर आधीच गेला होता. बायको, दोन लेकरं, कोरडवाहू तुकडा, आणि ही एकच बांधलेली नोकरी.

"आई, एक पान हाय गं. सत्तावीस वह्यांतलं एक पान."

"मग?"

"कुणाला कळणार हाय?"

बनाबाईनं भाकरीचं टोपलं त्याच्यापुढं आदळलं. "आज पाटलाच्या आईचं खोडायचं. उद्या आजून कुणी यील, म्हणंल तुझ्या आजीचं खोड. द्वारकाबाई, माहेर ढोकी. तुझ्या आजीचं नाव या वहीबिगर कुठं हाय, दाव मला. सातबाऱ्यावर हाय? शाळंत हाय? दगडावर हाय? दाव की!"

बलभीम भाकर मोडू लागला. खरं म्हणजे त्यालाही आजीचं माहेर आत्ताच कळलं होतं.

लेकाला गप्प केलं खरं, पण बनाबाईच्या जिवाला घोर लागलाच. तिला ती बाहत्तर-त्र्याहत्तरची दुष्काळाची सालं आठवली. विहिरी खरवडून पार खडक लागला होता. सरकारी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी नरड्याखाली उतरत नव्हत्या. शाळेला सुट्टी, म्हणून गुरुजींना तलावावर हजेरीला बसवलेलं, आणि बनाबाईही तिथंच खडी फोडायला. एका पहाटे ती शेणकूट वेचायला गेली, तर बांधाआड पाटलीणबाई उभी. ज्या घरात बनाबाई गोठ्यापलीकडं कधी गेली नव्हती, त्या घरची मालकीण हात जोडून म्हणत होती, "मला कामावर घे. माझं नाव नगं लिवू, पण मला घे." चांगुणा म्हणजे गुरुजींच्या धाकट्या भावाची बायको. तिचं नाव रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी "चांगुणा धोंडीबा" अशी हाक मारली आणि पदराआडून बारीक आवाज आला, "हजर." गुरुजींनी मान वर केली, आवाज ओळखला, आणि मान खाली घालून बरोबरची खूण केली. पुढं नोंद वाचून दाखवली तेव्हा सारजाबाईंनी सगळं कबूल केलं, अंगठा तेवढा दिला नाही. "मालक हायेत तवर न्हाय," म्हणाल्या.

मग पाऊस पडला आणि पाटलीणबाईंची ओळख पार वाहून गेली. अकरा वर्षांत एक शब्द नाही. रस्त्यात समोर आल्या तर नजर खाली. आबाराव जाऊनही पाच वर्षं झाली, तरी नाही. ते बनाबाईला लागलं होतं, फार लागलं होतं. अर्धी भाकर दिली म्हणून नव्हे. एका फडक्यावर बसून दोघी हसल्या होत्या म्हणून. आता तीच बाई सगळ्यांसमोर "खोड" म्हणाली तर? रीत म्हणजे रीत. बनाबाईला आपल्या हातानं खोडावं लागलं असतं, आणि गुरुजींच्या वहीत पहिल्यांदाच एक पांढरा डाग पडला असता. शुक्रवारपर्यंत हा एकच विचार तिचं डोकं खात होता.

शुक्रवारी भर दुपारी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, एकोणिसावी वही छातीशी धरली, पिशवीत गुरुजींचा पेन, शाईची बाटली, अंगठ्याची डबी आणि तो खोडरबर घेतला, आणि निघाली. मागल्या दारानं नाही. गोठ्याकडून नाही. पाटलाच्या मोठ्या दारातून सरळ आत, अंगणाच्या मधोमध.

ओसरीवर संस्थेचे सात-आठ मेंबर लोडाला टेकून बसलेले. कडेला बलभीम उभा, घामानं डबडबलेला. आईला बघून त्यानं डोळेच मिटले.

"आणली का?" नानासाहेब हसले. "कोरी केली?"

"न्हाय. सारजाबाईंना इचाराय आले."

"आईची तब्येत बरी न्हाय. झोपलीय."

"मग जागं हुईस्तवर थांबते."

मेंबर एकमेकांकडं बघू लागले. नानासाहेब तरातरा खाली आले आणि दात आवळून म्हणाले, "गुमान वही द्या आन् जावा. नाहक तमाशा करू नका." त्यांनी हात पुढं केला. बनाबाईनं वही अशी आवळून धरली, की ती घ्यायची तर म्हातारीला पाडावं लागलं असतं. तेवढी शरम नानासाहेबांना होती, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

बोभाटा करायला ती आली नव्हती. या चारचौघांत पान वाचून दाखवणं तिच्या हातात होतं, पण सांगणाऱ्याच्या इच्छेशिवाय ते कसं वाचायचं? तिनं वही उघडली, मान वर केली आणि गुरुजी मारायचे तशी हाक मारली.

"चांगुणा धोंडीबा!"

मेंबर हसले. "अगं बना, चांगुणा तुमच्या वस्तीत. हितं कशाला शोधतीस?"

"चांगुणा धोंडीबा!"

आत कुठंतरी भांडं पडलं. नानासाहेबांनी दाराकडं बघितलं. बनाबाईनं वहीतलं बोट काढलं नाही. आता आतून काही आलं नाही तर वही मिटायची आणि निघायचं, एवढंच तिला कळत होतं. तिनं सगळा जीव गोळा केला.

"चांगुणा धोंडीबा!"

"हजर!"

आवाज आतून आला, आणि आला तो चांगला खणखणीत. पाठोपाठ सारजाबाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या. डोक्यावर पदर होता, तोंडावर नव्हता. ओसरीवरच्या बाप्यांकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. पायऱ्या उतरून आल्या आणि खालच्या पायरीवर बसल्या.

"अकरा वर्सं वाट बघाय लावलीस," त्या म्हणाल्या.

"म्या? मलाच म्हणता? तोंड कोण फिरवून जात हुतं?"

"म्याच. चुकलं माझं. बस हितं. वाच."

"पाटलीणबाई, समदी हायेत..."

"आसू देत. मोठ्यानं वाच. तवा गुरुजींची हाक हातोड्यांच्या आवाजात बी ऐकू यायची."

बनाबाई त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली आणि बोट ठेवून वाचू लागली. पदर आला, अर्धी भाकर आली, एक फडकं आलं. मेंबरांपैकी कुणी टोपी काढून पुसू लागलं, कुणी पायाचं नख बघू लागलं. त्यांच्यातल्या दोघा-तिघांच्या बायका त्याच तलावावर दुसऱ्या टोळीच्या हजेरीत कुणाकुणाच्या नावानं उभ्या होत्या, हे त्यांना नेमकं आत्ताच आठवत होतं.

"आई," नानासाहेब कसेबसे म्हणाले, "नुसतं खोड म्हण. एक शब्द."

"खोडू? अकरा दिस लिवलंय ते खोड, बना. ते अपुरं हाय. गुरुजींची बदली दुसऱ्या कामावर झाली, त्यांना पुढलं ठावं न्हाय. मिरीग निघंपतूर म्या खडी फोडली. एक्केचाळीस दिस. ते लिव."

बनाबाईला ते ठाऊक होतं. पण सांगणाऱ्यानं सांगितल्याबिगर लिहायचं कसं?

सारजाबाई लेकाकडं वळल्या. "तू सोलापूरला कालिजात हुतास. घरात दाणा नव्हता, आन् तुझा बाप म्हणायचा, पाटलाच्या बाया कामावर जात न्हाईत. तुझी खानावळ त्या खडीतनं चालली. त्यांचं नाव तलावाला देतूस, दे बाबा. ते तलावावर एक दिस आले न्हाईत." त्यांनी डावा हात पुढं केला. अंगठ्याचं नख वाकडं, मधून चिरलेलं. "हे काय हाय?"

"दारात चेमटलं हुतं... तूच सांगितलंस."

"दारात न्हाय. हातोडीखाली."

नानासाहेब त्या अंगठ्याकडं बघत राहिले. याच अंगठ्यानं ती जेवताना तूप वाढायची.

बनाबाईनं डबी उघडली. सारजाबाईंनी शाईत अंगठा बुडवला आणि पानावर असा दाबला, की नखाची चीरसुद्धा उमटली. मग बनाबाईनं पेन काढला. या वह्यांत तिनं आजवर एक काना घातला नव्हता. शिसपेन्सिलीच्या रेघांवरून शाई बिनचूक गेली, आणि 'अकरा' छेदून शेजारी 'एक्केचाळीस' लिहिलं, तेव्हा ते कुणाच्या हातचं आहे हे सांगता आलं नसतं.

"ह्ये कशाला आणलंस?" पिशवीतला खोडरबर सारजाबाईंच्या नजरेस पडला.

"नानासाहेबांनी दिलाय."

त्यांनी तो उचलला आणि लेकाच्या हातावर ठेवला. "खिशात ठीव. तुझ्या भाषणाला लागंल. आन् या बलभीमच्या पोटावर पाय दिलास तर उद्यापास्नं आपलं दूध संस्थेत येणार न्हाय. म्हशी माझ्या नावावर हायेत, इसरू नगंस."

एक मेंबर फसकन हसला आणि लगेच खोकला. बलभीमनं आता कुठं डोळे उघडले होते.

"बना," सारजाबाई म्हणाल्या, "आता हजेरी घे. चांगुणाची न्हाय. माझी."

बनाबाई उठून उभी राहिली. "सारजाबाई आबाराव..."

"आबारावांची न्हाय. गुरुजींनी लिवलीय तशी."

बनाबाईनं वहीवर नजर टाकली. मग तिनं पाटलाच्या दारात, हेळवी उभा राहायचा त्याच जागेवर, त्याच्यापेक्षा खड्या आवाजात हाक मारली.

"सारजाबाई! आई लक्ष्मीबाई, आजी दगडाबाई, माहेर सास्तूर!"

सारजाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि पार वेशीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"हजर!"